कॉन्व्हेंटच्या प्राथमिक शाळेचं पहिलं वर्ष : कोल्हापुरातल्या नव्या पालकांसाठी

जून उजाडला की आमच्या गल्लीतलं एखादं तरी मूल पहिल्यांदाच कॉन्व्हेंटला निघालेलं असतं. मग संध्याकाळी त्याची आई शाळेची डायरी घेऊन आमच्या दारात येते. "वहिनी, ह्यात काय लिहिलंय ते जरा सांगता का?" दरवर्षी तेच प्रश्न आणि तीच धास्ती. मी स्वतः महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, आणि आमचे हे गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये कामाला आहेत. थोरली मुलगी छोट्या गटापासून चौथीपर्यंत कॅथलिक शाळेत शिकली, धाकटा आता दुसरीत आहे. या वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या. त्यातल्या बहुतेक शाळेचे नियम वेळेत न वाचल्यामुळे झाल्या. तुमच्या वाट्याला त्या येऊ नयेत म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

१. शाळा कुठल्या प्रकारची आहे ते आधी विचारा

आपल्याकडे "मिशनची शाळा" म्हटलं की सगळ्या एकाच मापाने मोजतात. पण कोल्हापुरात प्रोटेस्टंट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. त्यांच्या संस्था वेगळ्या आणि कॅथलिक फादर-सिस्टरांच्या शाळा वेगळ्या. व्यवस्थापन, सुट्ट्या, प्रार्थना यांत फरक पडतो. तेव्हा चौकशीला गेलात की तीन गोष्टी सरळ विचारा: शाळा अनुदानित की विनाअनुदानित? बोर्ड राज्याचं की आयसीएसई? शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर बरंच काही ठरतं. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या शाळा काढून चालवण्याचा हक्क आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिक्षण हक्क कायदा (आरटीई) अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. म्हणून आरटीईच्या २५ टक्के जागांच्या सोडतीत या शाळा येत नाहीत. आमच्या शेजारच्या ताई सोडतीच्या यादीत कॉन्व्हेंटचं नाव येईल म्हणून थांबून राहिल्या. तोवर शाळेचे स्वतःचे फॉर्म वाटून संपले होते. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. कॅथलिक शाळेत जायचं असेल तर फॉर्म शाळेच्या कार्यालयातूनच घ्यायचा, आणि त्यासाठी दिवाळीनंतर अधूनमधून फाटकावरचा फलक बघत राहायचं.

प्रवेशात कॅथलिक मुलांना आणि शाळेत आधीपासून असलेल्या मुलांच्या भावंडांना बहुधा प्राधान्य असतं. त्यात लपवाछपवी नसते, विचारलंत तर सांगतात. इतर धर्मांची मुलंही मोठ्या संख्येने असतात. थोरलीच्या वर्गात तर तीच जास्त होती.

२. कागदपत्रं, आणि नावातलं एक अक्षर

साधारण हे लागतं:

- जन्मदाखला, मूळ आणि दोन झेरॉक्स
- मुलाचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो, सहा-सात तरी
- लसीकरणाचं कार्ड
- राहण्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार)
- आधी दुसऱ्या शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला
- वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीच्या नोंदीसाठी
- कॅथलिक कुटुंब असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला

वयाचा हिशोब आधी घाला. राज्याच्या नियमानुसार प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला मुलाला ६ वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीला प्रवेश मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. आणि १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना राज्याच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. फॉर्मवर नाव कुठल्या क्रमाने लिहायचं ते क्लार्कला विचारून मगच पेन टेकवा.

आता नावाचं. थोरलीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजी नावाच्या शेवटी दोन 'ए' होते आणि आधारवर एकच. मला ते दिसलंच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला एकदा नोंद झाली की ती बदलायला अर्ज, पुरावे, शिक्षण विभागाची परवानगी, सगळं करावं लागतं. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तेच नाव जातं. आम्ही पहिलीच्या जूनमध्येच पळापळ केली म्हणून थोडक्यात निभावलं. फॉर्म भरण्याआधी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवा. जातीचा रकानाही वडिलांच्या किंवा आजोबांच्या दाखल्यावर आहे तसाच भरा. "आता काय त्याचं" म्हणून रिकामा ठेवू नका. जात पडताळणीच्या वेळी हीच नोंद बघतात.

मूल पाच वर्षांचं झालं की आधारवर बोटांचे ठसे अपडेट करून घ्यावे लागतात, ते आधीच उरकून टाका. जूनमध्ये केंद्रावर रांगा असतात.

३. डायरी पहिल्याच रात्री वाचा

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. या शाळांत वर्षाच्या सुरुवातीला एक छापील डायरी देतात. कुणी तिला कॅलेंडर म्हणतं, कुणी हँडबुक. पहिल्या पानावर शाळेचं चिन्ह आणि प्रार्थना, मग नियम, सुट्ट्यांची यादी, परीक्षांच्या तारखा, रजेच्या नोंदीची पानं, उशिरा येण्याची पानं आणि शेवटी शिक्षकांच्या शेऱ्यांसाठी कोरी जागा.

थोरली छोट्या गटात असताना मी ती डायरी कव्हर घालून कपाटावर ठेवून दिली. इंग्रजी बारीक अक्षर, आणि वाटलं नियम काय, सगळ्या शाळांत सारखेच असतात. पण मागे एका पानावर पालकांची सही मागितलेली असते, "आम्ही नियम वाचले आणि ते आम्हाला मान्य आहेत" अशी. ती सही केली म्हणजे तुम्ही शब्द दिला. शाळा पुढे वर्षभर त्याच पानावर बोट ठेवून बोलते.

इंग्रजी अवघड जात असेल तर लाजू नका. मी गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीला बसवून एका संध्याकाळी सगळं वाचून घेतलं आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने मराठीत टिपून ठेवलं. त्या पेन्सिलीच्या खुणांवर मी दोन्ही मुलांची शाळा केली. चार गोष्टी खास शोधा: रजेचा नियम, फेरपरीक्षेचा नियम, वर पाठवण्याचा नियम आणि तक्रार कुणाकडे करायची.

मग रोज संध्याकाळी डबा घासायला टाकताना डायरी उघडायची सवय लावून घ्या. शेरा असो वा नसो, त्या दिवसाच्या पानावर सही करा. टीचर सकाळी तीसेक डायऱ्या चाळतात. सही दिसली की घरात लक्ष आहे हे त्यांना कळतं.

४. हजेरी आणि रजा

थोरली पहिलीत असताना माझ्या माहेरी म्हाई होती. आम्ही दोन दिवस गेलो. त्यातल्या एका दिवशी तिची इंग्रजी कवितेची तोंडी परीक्षा होती. परत आल्यावर मी टीचरना सांगितलं, "गावची जत्रा होती हो." निकालात त्या रकान्यात गैरहजर असं आलं. मला राग आला, मी तशीच शाळेत गेले. टीचरनी शांतपणे डायरीचं पान उघडून दाखवलं: कौटुंबिक कारणासाठी रजा हवी असेल तर आधी लेखी परवानगी, आणि अशा रजेत झालेली चाचणी पुन्हा घेतली जाणार नाही. मग म्हणाल्या, "ताई, आधी एक ओळ लिहून पाठवली असती तर मी तिची तोंडी आदल्या दिवशी घेतली असती."

त्या वाक्यानंतर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. मुलीने कविता पाठ केली होती, वाटेत एसटीत दोनदा म्हणूनही दाखवली होती.

तेव्हापासून आमच्या घरात हे ठरलेलं आहे. रजा आधीच माहीत असेल तर निदान दोन-तीन दिवस आधी डायरीत लिहायचं. मूल आजारी पडलं तर पहिल्या दिवशी फोन, आणि परत जाताना डायरीच्या रजेच्या पानावर कारण, तारीख, सही. ताप-गोवर असं काही असेल आणि तीन दिवसांहून जास्त गेले असतील तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं. सकाळी घंटेनंतर पोहोचलो तर त्याचीही नोंद होते आणि ती वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर दिसते. राज्य सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना काढली, तरी तुमच्या शाळेची नेमकी वेळ विचारून मगच रिक्षामामांशी बोला.

हजेरीचा हा आग्रह आपल्या गावाला नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्या काळच्या रुपयाची किंमत बघता महाराजांना मुलाचा एकेक दिवस किती मोलाचा वाटत होता ते कळतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी त्याच्या आसपास गेलं की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळा बंद राहू शकतात. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. असा आदेश आला तर रजा मांडली जात नाही. पण गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या "उद्या सुट्टी" या निरोपावर विसंबू नका, शाळेचाच निरोप बघा.

५. वह्या, गृहपाठ, शिकवणी

पहिली-दुसरीला फोर लाईनच्या वह्या असतात, दोन लाल आणि दोन निळ्या रेघांच्या. कॉन्व्हेंटमध्ये अक्षरावर फार भर. 'जी'ची शेपटी खालच्या रेघेला टेकली पाहिजे, 'एच'ची काठी वरच्या रेघेला. आपल्याला ते किरकोळ वाटतं. धाकट्याच्या वहीत एकदा टीचरनी सगळे 'जी' लाल गोल करून ठेवले होते आणि तो रडत घरी आला. मी त्याला वही जमिनीवर ठेवून बोटाने रेघ दाखवली: हे घर, हे अंगण, हा रस्ता. जीची शेपटी अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्याला ते जमायला लागलं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी रेघ तर दिसते ना.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास असं म्हटलंय. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं असंही त्यात आहे. प्रत्यक्षात थोडा अभ्यास येतो: डिक्टेशनचे दहा शब्द, एक पाढा, चार ओळी वाचन. मूल रोज तासभर गृहपाठात अडकत असेल तर डायरीत तसं लिहा. मी लिहिलं होतं, आणि टीचरनी वर्गात पूर्ण करून घ्यायला सुरुवात केली.

पहिलीपासून शिकवणी लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पोर साडेतीनला घरी येतं, चारला पुन्हा दप्तर घेऊन जातं, आणि अंधार पडेस्तोवर खेळत नाही. शिवाय शिकवणीतली बाई अक्षर वेगळ्या पद्धतीने काढायला शिकवते आणि शाळेत ते खोडलं जातं. मधल्या मध्ये पोर गोंधळतं.

वह्यांना ब्राऊन कव्हर, लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. गणवेश आणि बुटांवरही नाव घाला. याहून जास्त त्यात काही नाही.

६. मार्क आणि ग्रेड कसे वाचायचे

राज्य मंडळाच्या शाळांत आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे. म्हणजे एकाच परीक्षेवर निकाल नाही. वर्षभराची तोंडी कामं, प्रकल्प, वर्गातलं काम, छोट्या चाचण्या यांना आकारिक मूल्यमापन म्हणतात आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० गुण आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. हे कळल्यावर म्हाईच्या वेळची ती तोंडी परीक्षा का महत्त्वाची होती तेही मला कळलं. पहिलीत खरी कमाई आकारिकमध्येच असते.

श्रेणी अशा: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२, म्हणजे मुलाला जादा मदत हवी. इंग्रजी माध्यमात यांचीच इंग्रजी अक्षरं असतात. आयसीएसई शाळा असेल तर प्राथमिकचे नियम शाळा स्वतः ठरवते, ते डायरीतच बघा.

चौथीपर्यंत नापासाची भीती घालू नका. राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीच्या शेवटी मात्र आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडलं तर फेरपरीक्षेची संधी मिळते, आणि तिथेही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं.

ओपन डेला उत्तरपत्रिका दाखवतात. तिथे शेजारच्या मुलाचे मार्क विचारू नका. टीचरना एवढंच विचारा, "ह्याला कुठे अडतंय?" आणि उत्तर लिहून घ्या. कोल्हापुरात शिष्यवृत्तीची ओढ फार, दुसरीतच पालक त्या पुस्तकांची चौकशी करतात. आधी मुलाचं वाचन सुरळीत होऊ द्या.

७. घरात मराठी, शाळेत इंग्रजी

"घरीही इंग्रजीच बोला" असा सल्ला तुम्हाला मिळेल. आम्ही वर्षभर तो पाळायचा प्रयत्न केला. आमचं तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून मुलगी जेवताना गप्प बसायला लागली. शाळेत काय झालं ते सांगणं तिने बंद केलं. एका रात्री मी सरळ मराठीत विचारलं आणि ती अर्धा तास बोलत राहिली. रिक्षात कुणीतरी तिची पेन्सिल रोज काढून घेत होतं, ते मला त्या रात्री कळलं. घरात तुमचीच भाषा ठेवा. इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं पुस्तक मोठ्याने वाचायला लावा, चुकलं तरी मध्ये थांबवू नका.

शाळेत मराठी विषय असतोच. २०२० च्या राज्याच्या कायद्याने कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. कॉन्व्हेंटची मुलं मराठीत कच्ची राहतात ती घरच्या दुर्लक्षाने. 'ळ' आणि 'ल', ऱ्हस्व-दीर्घ हे घरी करून घ्या. तिथे तुम्ही टीचरपेक्षा कमी नाही.

८. प्रार्थना आणि सण

सकाळच्या परिपाठात प्रार्थना, डब्याआधी प्रार्थना, शाळेच्या संताच्या दिवशी कार्यक्रम, नाताळात गोठ्याचा देखावा. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, गरिबांसाठी मूठभर धान्य किंवा थोडे पैसे आणायला सांगतात. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, त्या वेळी इतरांना मूल्यशिक्षण.

राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. तुमची हरकत असेल तर मुख्याध्यापिका सिस्टरना लेखी सांगा. मी मात्र कधी हरकत घेतली नाही. थोरलीने एकदा घरी ताटावर बसल्यावर हात जोडून इंग्रजीत जेवणाची प्रार्थना म्हटली. सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अन्नाला नमस्कारच करतीय की पोरगी," आणि मग त्यांनी तिला आपला श्लोक शिकवला. आता दोन्ही होतात.

मेंदी, टिकल्या, बांगड्या, गंडेदोरे यांचे नियम डायरीत बघा. घरात लग्न असेल तर मेंदीबद्दल आधी चिठ्ठी द्या. दिवाळीची सुट्टी काही ठिकाणी थोडी आखूड असते, कारण नाताळची वेगळी मिळते. गावी जायचं तिकीट काढण्याआधी तारखा बघा.

९. तक्रार असेल तर

आधी वर्गशिक्षिका, मग सुपरवायझर, मग मुख्याध्यापिका, शेवटी व्यवस्थापन. ही पायरी चुकवून थेट सिस्टरच्या दारात गेलं तर त्या तुम्हाला परत वर्गशिक्षिकेकडेच पाठवतात. फाटकात उभं राहून बोलू नका, डायरीत वेळ मागा.

पण मुलाला मारलं असेल, सगळ्यांदेखत अपमान केला असेल किंवा अंगाला नको तसा हात लावला असेल, तर पायऱ्या धरत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापिकेला लेखी द्या, पोहोच घ्या, आणि गरज वाटली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा. शाळा कितीही नावाजलेली असो.

१०. फी आणि पालक-शिक्षक संघ

फीची पावती दरवेळी जपून ठेवा. पुढे दाखला काढताना मागतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीत पालक सोडतीने निवडले जातात. फी वाढवायची तर ती या समितीपुढे यावी लागते. सोडतीसाठी नाव जरूर द्या. थोरली तिसरीत असताना माझं नाव निघालं. इंग्रजी येत नाही म्हणून मी मागे सरत होते, पण बैठकीत मराठीत बोलले आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटक्या कडीचा विषय मी तिथेच काढला. पंधरा दिवसांत नवी कडी बसली.

११. चौथीनंतरचं आत्ताच विचारा

काही कॉन्व्हेंट शाळा मूळच्या मुलींच्या असतात आणि मुलग्यांना फक्त प्राथमिकपर्यंत घेतात. छोट्या गटात प्रवेश मिळाल्याच्या आनंदात हे कुणी विचारत नाही, आणि चौथीच्या मार्चमध्ये मुलासाठी नवी शाळा शोधत फिरावं लागतं. म्हणून प्रवेशाच्याच दिवशी विचारा: पाचवीला इथेच राहता येईल का, आपोआप की पुन्हा अर्ज करून? दुसरीकडे जावं लागणार असेल तर चौथीच्या दिवाळीपासून चौकशी सुरू करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की खिडकी सोडण्याआधी नाव, जन्मतारीख आणि जात पुन्हा एकदा बोट ठेवून वाचा.